हँडलखालची रेघ

गाडीच्या मागच्या डाव्या दारावरची रेघ मला मंगळवारी सकाळी दिसली. हँडलच्या वीतभर खाली, बोटभर लांब, केसासारखी बारीक. गाडी गडद निळी, त्यामुळे ती पांढरी उठून दिसत होती.

पहिला विचार गुरुप्रसादचा आला. माझा नवरा मुंबईला असतो आणि महिन्यातून एकदा रत्नागिरीला येतो. किल्ली माझ्या हातात देताना तो म्हणाला होता, "एक ओरखडा दिसला, की गाडी माझ्याबरोबर मुंबईला." हसत म्हणाला होता, पण तो बोलतो ते करतो. गाडी गेली, की दर रविवारी राजापूरला आईकडे जाणं संपलं. आई नुकतीच आजारातून उठली आहे आणि एकटी राहते. आदल्या रविवारीच मी तिला मुडदुशी मासळी नेऊन दिली होती. पचायला हलकी म्हणून आजाऱ्याला हीच देतात.

गुरुप्रसाद शनिवारी येणार होता.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. गाडीचा रंग म्हणजे एकावर एक थर. सगळ्यात वर एक पारदर्शक. रेघेवरून आडवं नख फिरवायचं. घसरलं तर ओरखडा वरच्या थरातच आहे. अडकलं तर तो खालच्या रंगापर्यंत गेला.

नख घसरलं. बरं वाटलं. पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने हलकेच घासलं, चकाकी आणणारं कंपाउंड लावून मऊ फडक्याने चोळलं. रेघ गेली.

बुधवारी रेघ होती.

आधी वाटलं, कालची नीट निघाली नसेल. पण ही कालच्या जागी नव्हती. काल जिथे संपली होती तिथून सुरू होऊन हँडलकडे गेली होती. नख फिरवलं. अडकलं.

मी भिंग आणलं. आमच्या कुंपणाच्या चिऱ्याला गाडी घासली असती, तर रेघ आडवी आली असती आणि तांबडी धूळ सापडली असती. धूळ नव्हती आणि रेघ उभी होती. मांजर म्हणावं, तर नखाची एकच रेघ कशी? खरवडलेल्या रंगाचे कण वरच्या टोकाशी साचले होते. म्हणजे काहीतरी खालून वर गेलं होतं.

टच-अपचा रंग काडीच्या टोकाने भरला. सुकल्यावर त्या जागेपासून हँडलपर्यंत मास्किंग टेप लावली, आणि टेपच्या कडेवर, अर्धी टेपवर अर्धी गाडीवर, अशी माझी सही केली.

गुरुवारी सही जशीच्या तशी होती. टेप काढली. खाली रेघ होती, हँडलच्या दोन बोटं अलीकडे थांबलेली.

शुक्रवारी ती हँडलला टेकली.

त्या दिवशी मी काहीच केलं नाही. काय करायचं ते सुचत नव्हतं. गुरुप्रसादला सांगायची वाक्यं मात्र जुळवली. भिंतीला लागली म्हणेन. त्याला ते तरी पटेल.

शनिवारी त्याने चहाच्या आधी मोबाइलचा टॉर्च लावून गाडीभोवती फेरी मारली. मागच्या डाव्या दारापाशी वाकला. मी वाक्य तोंडात धरून उभी.

"नम्रता, धुतेस की घासतेस गाडी? माझ्यापेक्षा तुझ्याकडेच बरी आहे ही. राहू दे."

तो आत गेल्यावर मी बघितलं. रेघ नव्हती. मी भरलेला टच-अपचा उंचवटासुद्धा नव्हता. नख खालपासून हँडलपर्यंत सरळ घसरत गेलं. प्रयोग चुकला तर कारण शोधता येतं. हा न करताच बरोबर आला होता.

रविवारी सकाळी नेहमीची मासेवाली भागूबाई टोपली घेऊन दारात आली. मुडदुशी पिशवीत घातली आणि नेहमीसारखा वर कोळशाचा तुकडा टाकला.

"गेल्या ऐतवारचा काढलास ना गो बाय? तुज्या फाटकाशी पडलेला."

"सीट काळी होते, भागूबाई."

"मासं घेऊन लांबची वाट जायचं तर कोळसा लागतो."

"पण का?"

"आये टाकायची म्हणून मी टाकतंय. तुज्यावानी विचारत बसले असते तर मासं कवा इकले असते?"

या वेळी कोळसा मी काढला नाही. गुरुप्रसाद घरीच राहिला.

राजापूरला आईचा आवाज अंगणातूनच ऐकू आला. कोंबड्यांना हाकत होती. मुडदुशीचं तिखलं करून जेवलो. ती पोटभर जेवली. खूप दिवसांनी रंग दिसला चेहऱ्यावर.

निघताना चपला घालायला वाकले. समोर घराचं दार होतं, गणपतीत हिरवा ऑइलपेंट दिलेलं. कडीखाली एक उभी रेघ होती. बोटभर, केसासारखी.

"आई, हे कधीचं?"

"कालपासनं दिसतंय. मांजराचं असेल."

"आई, तू चल माझ्याबरोबर. आत्ता."

"आणि कोंबड्या कोण बघणार, जावई?" ती हसली. "पुढच्या रविवारी येशीलच की. जा, उशीर करू नकोस."

मी उंबऱ्याशी बसले. आडवं नख फिरवलं.

घसरलं.

कडी अजून वीतभर वर होती.