सिमेंट लागायच्या आधी

प्राप्तीने दुकानात पाऊल टाकलं ते थेट फरशीवाल्या पोराच्या मांडणीवरच! उरणच्या त्या टाइल्सच्या दुकानात काळ्या-पांढऱ्या फरशा जमिनीवर नुसत्याच मांडून ठेवल्या होत्या. तिच्या चपलेने दोन सरकल्या आणि एक खट्‌कन शेजारणीवर चढली.

"सॉरी... मला वाटलं, बसवलेल्या आहेत."

"बसवलेल्या असत्या तर मी असा गुडघ्यांवर कशाला बसलो असतो?" तो हसला. "सरकू द्या हो. सिमेंट लागेपर्यंत सगळं माफ."

विनेश त्याचं नाव. थळच्या कोळ्यांचा पोरगा, रोज रेवसहून लाँचने करंजाला उतरून कामावर यायचा. त्याची एक खोड होती. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन तो फरशा आधी कोरड्याच मांडायचा, घरच्यांना त्यावर वावरू द्यायचा, आणि मन भरलं तरच सिमेंट लावायचा.

प्राप्तीच्या अप्पांचं, काळूरामशेटचं, नवं घर राहण्याजोगं झालं होतं, हॉल तेवढा बाकी होता. न्हावा शेव्याला ट्रेलर चालायचे त्यांचे, आणि आवाजही ट्रेलरच्या हॉर्नसारखा. हॉलची फरशी तेवढी लेकीच्या पसंतीची, असं त्यांनी कबूल केलं होतं. पण लेकीला काही पटेल तर शपथ! बुद्धिबळाच्या पटासारखी मांडली, तर म्हणे डोळे गरगरतात. काळी किनार केली, तर म्हणे तेराव्याच्या पत्रिकेसारखी दिसते.

"मग तिरकी मांडू?"

"मांडा की... पण आज नको. पुन्हा या."

विनेशने फरशी हातात धरूनच वर पाहिलं. "खरं सांगा... फरशा आवडत नाहीत, की मी पुन्हा यावं असं वाटतं?"

"तुमचं आपलं काहीतरीच!" ती चहा करायला आत पळाली आणि साखर घालायचीच विसरली. पठ्ठ्याने तो चहा मिटक्या मारत संपवला.

पण आतून ती घाबरलेली होती. हॉल झाला की रविवारी पनवेलचं स्थळ तिला बघायला येणार होतं. आणि अप्पांपुढे थळच्या पोराचं नाव घ्यायचं? म्हणून ती आपली फरशा नापसंत करत राहिली. वेडीच!

शेवटी शुक्रवारी अप्पा गरजले, "आज काय ता ठरव! उद्या सिमेंट लागलाच पायजे."

विनेशची त्या दिवशी सुट्टी होती, तरी दुपारी त्याचा मेसेज आला. "लाँचमध्ये बसलोय. आज तिरकी मांडतो... आणि अप्पांशी बोलतो. बोलू ना?"

प्राप्तीने उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. "नका बोलू." आणि पाठवून दिलं.

थोड्याच वेळात वारा सुटला. दिवाळी होऊन गेलेली, आणि कुठून कोण जाणे, आभाळ काळंठिक्कर झालं, पाऊस आडवातिडवा झोडपू लागला. तेवढ्यात मासळीची पाटी घेऊन रंगूमावशी धापा टाकत अंगणात आली. "अगो, रेवसची लाँच खारीत बंद परलीय! मानसा वरडतान नुसती..."

प्राप्तीने फोन लावला. लागेना. पुन्हा लावला... नाहीच. 'नका बोलू'. हेच आपलं त्याच्याशी शेवटचं बोलणं? तशीच ती दाराकडे धावली.

"कय चाललीस?" अप्पा आडवे आले.

"धक्क्यावर! लाँचमध्ये विनेश आहे, अप्पा! त्याला काही झालं तर मी... मला तोच हवाय. पनवेलचं स्थळ नको. तुमच्या भीतीने बोलले नाही मी!"

बोलून गेली, आणि आता अप्पा हात उगारणार म्हणून तिने डोळे गच्च मिटले. हात उगारला गेलाच नाही.

"माझ्या लेकीला माझी एवढी भीती?" अप्पा पुटपुटले. मग त्यांनी खुंटीवरची जीपची चावी ओढली. "बस गारीत."

करंजाच्या धक्क्यावर पावसाने पुढचं दिसत नव्हतं. लाटा आपटत होत्या, माणसं नावं घेऊन हाका मारत होती. प्राप्तीचे दात वाजत होते. किती वेळ गेला, देव जाणे... मग एक मच्छीमार बोट लाँचला दोरीने ओढत आणताना दिसली. उतरणाऱ्यांत शेवटी विनेश होता, नखशिखांत भिजलेला.

प्राप्तीने सगळ्यांदेखत त्याची बाही धरली. "मी 'नका बोलू' म्हटलं ना... चुकलं माझं. बोला!"

विनेशने अप्पांकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा आणखीच पांढरा पडला. "शेट... मी... प्राप्तीशी लग्न करायचं म्हणतोय."

"फरशी मांरताना तोंड बरा चालतंय तुझा, हितं कशाला अरखलतंस?" अप्पा खेकसले, पण अंगावरची शाल काढून त्यांनी त्याच्या खांद्यावर टाकली. "रविवारी आयबापाला घेऊन ये. पनवेलवाल्यांना मी सांगतो काय सांगायचा ता."

ते जीपकडे वळले. प्राप्ती अजून थरथरत होती.

"आता कसली भीती?" विनेशने हळूच विचारलं.

"तू परत त्याच लाँचने जाणार ना..."

पुढून, मागे वळूनही न बघता, अप्पांचा आवाज आला, "आज तो कय जात नाय. आपल्या घरी निजंल."