पोचल्याचा फोन

"लग्नघर आहे का गोदाम? एक वेलचीचा डबा सापडून नाही राहिला मेला..."

अंजनामावशी माझ्या कानाशीच पुटपुटल्या आणि शेवटचा शब्द त्यांनी अर्धा गिळला. आमच्या घरात तो शब्द चालत नाही. शिवीतसुद्धा नाही. गेली पाच वर्षं आम्ही झुरळही मारत नाही, 'घालवतो'.

मावशी म्हणजे माझ्या सासूबाईंच्या धाकट्या बहीण. माझ्या लेकीच्या, सोनिकाच्या लग्नासाठी आधीच येऊन राहिल्या होत्या. मे महिना, लकडगंजातलं आमचं घर, कूलरच्या ओल्या गवताचा वास, मिक्सरमध्ये दळली जाणारी साखर. आणि मधोमध सासूबाई, रुख्मिणीबाई, कोपरापर्यंत तुपाचे हात, लाडू वळता वळता गुणगुणत. त्यांना इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं.

फक्त सावनेरला लग्नाला त्या येणार नव्हत्या.

"सावनेरले तुम्ही जा वं. घरी कोणीतरी पाह्यजे. हे निघाले आहेत."

'हे' म्हणजे माझे सासरे, देवराव. गांधीबागेत त्यांचं साड्यांचं होलसेल दुकान होतं आणि ऑर्डरी घ्यायला ते गावोगाव फिरत. फोनला पैसे पडत त्या काळात त्यांनी नियम केला: निघताना दोन रिंगा, पोचल्यावर एक, अगदी घराच्या दारात पोचले तरी. कोणी उचलायचा नाही, उचलला की पैसे कटतात. पुढे फोन जवळजवळ फुकट झाले, नियम तसाच राहिला. हा माणूस वेलची महाग म्हणून तांदळात लपवून ठेवायचा. त्याच्याकडून दुसरी अपेक्षा नव्हतीच. बायकोशी बाहेरगावाहून तो जन्मभर रिंगांनीच बोलला, आणि तिला सगळं कळायचं.

पाच वर्षांपूर्वी एका दुपारी सावनेरहून दोन रिंगा आल्या. पुढची एक आली नाही. पाटणसावंगीजवळ ट्रक होता.

सासूबाईंनी तेराव्यापर्यंत सगळं नीट पार पाडलं. मग आपला बटणांचा फोन तांदळाच्या डब्यावर ठेवला आणि शेजारी बसल्या. "पोचले नाही अजून," एवढंच म्हणाल्या. त्या वेळी कोणाला खोडून काढवलं नाही. नंतर ती वेळ निघूनच गेली. त्या दिवसापासून त्यांनी घराबाहेर एक संध्याकाळ काढलेली नाही.

सोनिकाचं लग्न सावनेरच्या पियूषशी ठरलं, त्याच दिवशी तो फोन वाजला. दोन रिंगा. पडद्यावर नाव आलं, 'हे'.

मी घाबरले नाही. मी साड्यांना फॉल-पिको करते, शाळा अर्धवट सुटलेली, पण मोबाइलवर वाचून वाचून बरंच शिकले आहे. माझ्या एका गिऱ्हाइकाला बँकेच्या नंबरावरून फोन आला होता आणि तो बँकेचा नव्हता, तेव्हाच मी हे प्रकरण समजून घेतलं होतं. रात्री नवऱ्याला, म्हणजे आमच्या मनोहररावांना, बसवून सांगितलं.

"फोन कोणाचा, हे फोन लावणारी बाजूच सांगते. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कोणीही लिहावं, पोस्टमन थोडाच तपासतो? इंटरनेटवरून फोन लावणारे नंबराच्या जागी हवा तो नंबर भरतात. मधल्या कंपन्या आता पुष्कळ फोन अडवतात, तरी काही सुटतातच. आणि नाव तर आईंचा फोनच लावतो. नंबर जुळला की त्यांनी साठवलेलं नाव दाखवतो, बस."

"पण बाबांचा नंबर तं आपण बंद केला ना?"

"म्हणूनच. परत लावून पाहा."

त्यांनी लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं ती बाई गोड आवाजात म्हणाली.

"पाहा," मी म्हटलं. "मुखवट्याला उलट फोन केला की तो ज्याचा चेहरा आहे त्याच्याकडे जातो. फसवणाऱ्याकडे नाही."

मला माझंच कौतुक वाटलं. मनोहररावांनी मात्र फोन खाली ठेवला.

"मिस्ड कॉल देणाऱ्याले आपण परत फोन करावा असं वाटते ना? मग त्याले फायदा काय?"

मी मोबाइल काढून पुन्हा वाचायला बसले.

पत्रिका छापून आल्या त्या दिवशी दोन रिंगा. शालू घेतला त्या दिवशी दोन रिंगा. सासूबाई प्रत्येक वेळी पदर सारखा करायच्या आणि म्हणायच्या, "निघाले." घरात कोणी कोणाला विचारलं नाही. मला वाटायचं सोनिका करते आहे, आजीला खूश करायला. सोनिकाला वाटायचं मी करते. तिचा एकच हट्ट होता: अंतरपाट दूर झाला की आजी समोर दिसली पाहिजे, नाहीतर हार हातातच राहील. आजी म्हणायची, "हे आले अन् घराले कुलूप असलं तं?" आणि आम्ही सगळे मिळून विषय लाडवांवर न्यायचो.

तर त्या दुपारी, वेलची सापडत नव्हती तेव्हा, पियूष दारात उभा. एकटाच, उन्हानं लाल झालेला.

"नवरदेव, लाडवाचा वास सावनेरपर्यंत आला वाटते," मावशी म्हणाल्या.

"आजींना न्यायला आलो. त्या हो म्हणेपर्यंत जाणार नाही."

"मग राहा इथंच," सासूबाई हसल्या. "घरजावई पाह्यजेच होता."

हसण्याचा नुसता कल्लोळ झाला, लाडू वळायला बसलेली सोनिकाही हसली. तो तांदळाच्या डब्याशेजारी मांडी घालून बसला. मी परत मिक्सर लावला. मावशींचं वेलची-वेलची पुन्हा सुरू झालं.

फोन वाजला.

आमचे सगळ्यांचे हात तुपात. पियूष बिचारा वळणाचा पोरगा, त्याला आमचा नियम काय माहीत. पहिली रिंग संपता संपता त्यानं फोन उचलला.

"उचलू नको," आम्ही दोघी-तिघी एकदम म्हणालो.

"हॅलो?"

मी मिक्सर बंद केला. कूलर तेवढा घरघरत होता.

पियूषनं ऐकलं. मान डोलावली. "हो," म्हणाला. मग फोन कानापासून दूर धरून पाहिला.

"कोण होतं?" सोनिकानं विचारलं.

"माहीत नाही. कोणीतरी म्हातारे होते. रागावले."

"काय म्हणाले?"

"उचलला काहून गा, म्हणे. पैसे कटतात."

सोनिकानं कूलरही बंद केला.

"आणि म्हणाले, त्या अंजनाले सांग. वेलची तांदळात आहे."

डबा मीच चार दिवसांपूर्वी भरला होता. नवा तांदूळ, माझ्या हातानं. मी पियूषच्या हातातून फोन घेऊन बाजूला ठेवला. तो गरम होता, मांडीवर ठेवलेल्या हातासारखा. झाकण काढलं, कोपरापर्यंत हात घातला.

वेलचीचा डबा तळाशी होता.

"एकच रिंग वाजली ना?" सासूबाईंनी विचारलं.

पियूषनं मान डोलावली.

त्यांनी परातीत हात निपटले, सावकाश उठल्या, पदराला हात पुसले. चेहरा असा, की जणू त्यांचीच हळद आहे. त्या माझ्याकडे वळल्या.

"पोचले. शामला, माही जांभळी पैठणी काढ वं. येते मी सावनेरले."

सोनिका त्यांच्या गळ्यात पडली. मावशी रडता रडता हसत होत्या. आवाज ऐकून आलेले मनोहरराव तेवढे दाराशी उभे होते, हातात कुलूप, कसलं तरी कारण शोधल्यासारखे.

"आई, मग घरी कोणी राहणार नाही. निघताना कुलूप लावतो."

"काहून? हे आहेत ना."

"आई, बाबा तं..." ते थांबले. पाच वर्षं आम्ही सगळे तिथेच थांबत आलो होतो.

सासूबाईंनी त्यांच्या हातातलं कुलूप काढून घेतलं आणि तांदळाच्या डब्यावर ठेवलं.

"मेले. मेले ना गा तुहे बाबा, मले का माहीत नाही? मग मेलेल्या माणसाले घर राखता येत नाही का?"