सायकलच्या शॉटमधली खरखर

कवळ्या बनवण्यात तिची अर्धी हयात गेली होती. जिभेला टोचेल असं बारीकसं टोकही तिच्या बोटाखालून सुटत नसे. तेव्हा आईबाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी तिने घरच्या जुन्या टेपांमधून व्हिडिओ करायला घेतला, तर त्यातली खरखर ती तशीच ठेवेल हे शक्यच नव्हतं.

गंमत अशी की एडिट करताना ऐकलं तर आवाज स्वच्छ असे. सगळे तुकडे जोडून व्हिडिओ एक्स्पोर्ट केला, शेवटची फाइल काढली, की घासात खडा लागावा तशी खरखर हजर.

तिने धाकट्या भावाला फोन लावला. त्याला यातलं बरंच कळायचं.

"सेटिंग बघ, ताई. टेपचा आणि फाइलचा सॅम्पल रेट जुळत नसेल. नाहीतर आवाजाचा एकेक ट्रॅक बंद करत जा, चोर सापडतो."

तिने सेटिंग जुळवलं. मग संगीत बंद केलं, मग टेपचा मूळ आवाज, आणि शेवटी झाडून सगळे ट्रॅक. आता फाइल मुकीच निघायला हवी होती.

निघाली नाही. सायकलचा शॉट आला. लहानगी ती सायकलवर, आणि सीट धरून मागे धावणारे, धापा टाकणारे बाबा. तिथेच खरखर सुरू झाली. बाकी सगळं शांत असल्यामुळे आता ती नीट ऐकू येत होती. एखाद्या खोलीत चार माणसं बसली असावीत. खुर्ची सरकल्याचा आवाज. कुणीतरी घसा खाकरला. मग एक बाई हलक्या आवाजात काहीतरी विचारत होती.

तिने हेडफोन काढून ओढणीने पुसले, पुन्हा घातले आणि आवाज वाढवला.

"ही कोण?"

आवाज आईचा होता.

जुनी टेप आहे, तिने स्वतःला समजावलं. आधीचं काहीतरी नीट पुसलं गेलं नसेल. पण सगळे ट्रॅक बंद असताना हा आवाज येतो कुठून? ते कळलं नाही तरी उपाय होता. तिने तो शॉट कापला. त्या जागची खरखर साफ गेली.

आणि शाळेच्या बक्षीस समारंभात उगवली. तिथेही पडद्यावर तीच होती.

तिने भावाला फाइल पाठवली. थोड्या वेळाने त्याचा फोन आला.

"मला तर काही ऐकू येत नाही. बरं, ती स्टेजवरची मुलगी कोण?"

"मीच की रे."

"असं होय," तो म्हणाला.

तो हसेल म्हणून ती थांबली. त्याला थट्टेची खोड होती. पण त्याने दुसराच विषय काढला.

मग ती हट्टालाच पेटली. व्हिडिओ आईबाबांचा आहे, त्यात आपलं काय काम, असं म्हणत तिने कात्री चालवली. समुद्रकिनाऱ्यावरची ती गेली. भावाला कडेवर घेऊन उभी असलेली गेली. दर कापाबरोबर फाइल स्वच्छ होत गेली आणि तिला कामाचं तेच जुनं समाधान मिळत गेलं. शेवटी एका शॉटमध्ये तिचा फक्त आवाज उरला होता. कॅमेऱ्यामागून ती म्हणत होती, "बाबा, इकडे बघा ना." बाबा बघत होते आणि हसत होते.

तो शॉट तिने पुन्हा एकदा लावून पाहिला.

खरखर होतीच. तिने तोही शॉट काढला.

फाइल निघाली. काचेसारखी स्वच्छ. तिने ती भावाला पाठवली. त्याचं उत्तर आलं, "उत्तम झालंय. रविवारी नक्की या." ती रागावली की तो असंच अहोजाहो करायचा. आज मात्र ती रागावलेली नव्हती.

रविवारी दुपारी आईबाबांच्या बैठकीत पडदे ओढून सगळे बसले. व्हिडिओ सुरू झाला. कुठे खरखर नाही, घरघर नाही. बाबा मधूनमधून घसा खाकरत होते. भावाने खुर्ची पुढे सरकवली. ती मागे दाराशी बसली होती. आईला कुठलाच प्रश्न पडला नाही.

संपल्यावर आईने डोळे टिपले. बाबा उठून दाराशी लेकीकडे आले. "आवाज किती सुरेख आहे हो," ते म्हणाले.

ती हसली. "बाबा, पुरे आता."

बाबा जरासे गोंधळले. मग त्यांनी सभ्यपणे मान हलवली आणि खिडकीकडे वळले.

आई चहा घेऊन आली. आधी तिला दिला. मग शेजारी बसली आणि मायेने तिच्या हातावर हात ठेवला.

"खूप मन लावून केलंत तुम्ही," आई म्हणाली. "घरी कोणकोण असतं तुमच्या?"