मोरीत हरवलेलं हाड

आमच्या गल्लीतला निताई दोलुई तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. आज तो कालीमंडपाशी बसून असतो, कुणाशी फार बोलत नाही. पण चौतीस वर्षं त्याने इथल्या मेडिकल कॉलेजात सांगाडे जोडले. हातात हाड द्या, डोळे मिटून सांगेल, डाव्या अंगाचं की उजव्या.

चार वर्षांपूर्वीची भूतचतुर्दशी, कालीपूजेच्या आदली, भुतं फिरतात म्हणतात ती रात्र. शनिवार. निताईने चौदा पालेभाज्यांचं जेवण केलं, दारात चौदा दिवे लावले आणि सायकल बाहेर काढली.

"आज कोण घराबाहेर पडतं का?" शेफाली, म्हणजे त्याची बायको, उंबऱ्यातच उभी.

"उजवा हात राहिलाय सरांचा. उद्या दहाला त्यांच्या पत्नी बघायला येणार. मग त्या लेकीकडे बेंगळुरूला चालल्या कायमच्या."

"सर दोन वर्षं पेटीत थांबले. एक रात्र नाही थांबणार?"

"सर कधी कुणासाठी थांबलेत?" म्हणत त्याने पायडल मारलं.

सर म्हणजे डॉक्टर अनादि सान्याल. निताईला हाडं शिकवली त्यांनीच. मरताना देह कॉलेजला दिला आणि बजावलं, "मला निताईच उभा करेल. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

आता निताईने शेफालीला जे सांगितलं नव्हतं ते सांगतो. त्या रात्रीच्या तीन दिवस आधी मोरीत हाडं धुताना उजव्या मनगटाचं एक हाड त्याच्या हातून निसटलं होतं. करंगळीच्या बाजूला, तळहाताच्या मुळाशी, वाटाण्याएवढं गोल असतं ना, ते. पाण्याबरोबर जाळीतून गेलं. त्याने खूप शोधलं. नाही सापडलं. शेवटी सुट्या हाडांच्या खणातून दुसऱ्या कुणाचं तरी उचललं. कुणाला कळणार होतं?

शरीररचना विभागात तो एकटाच. सांगाडा लोखंडी दांडीला टांगलेला. निताईने बोटं जोडली, तळहात जोडला, मनगटाची आठ हाडं ओवली. पितळी तारेला पीळ दिला. पक्कड ठेवायला वळला.

परत पाहिलं, तर तो हाडाचा वाटाणा टेबलावर.

तार तशीच होती. पीळ तसाच, घट्ट.

आपणच ओवायचं विसरलो, असं त्याने स्वतःला सांगितलं. पुन्हा ओवला. दोन पीळ दिले. खाली पडलेला तारेचा तुकडा उचलला, मान वर केली...

टेबलावर. या वेळी अगदी कडेला, त्याच्या बाजूला सरकवलेला.

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. दिवे गेले नव्हते. गेले असते तर बरं, असं त्याला वाटलं.

तिसऱ्यांदा त्याने तार ओवलीच नाही. हात जोडले.

"सर... वाहून गेलं. माझ्या हातून गेलं."

काही नाही.

"दुसऱ्याचं लावत होतो. चुकलं."



मग मोरीत पाणी गडगडलं. नळ बंद होता.

निताई गुडघ्यावर बसला. जाळी उचलली. बाही वर केली आणि उजवा हात आत घातला. कोपरापर्यंत. गार चिखल. केस. आणखी खाली...

आतून कुणीतरी मनगट धरलं.

ओढलं नाही. नुसतं धरलं. मग एक बोट चाचपू लागलं. आधी बोटांकडची रांग. एक... दोन... सर असंच मनगट धरून शिकवायचे, एकेक हाड दाबून. पाच... सहा... सात...

आठव्यावर बोट थांबलं.

बराच वेळ.

मग दाबलं. दुखलं नाही, असं तो शपथेवर सांगतो. पकड सुटली. हात बाहेर आला तेव्हा मूठ मिटलेली होती. मुठीत वाटाणा होता. स्वच्छ. कोरडा.

त्याने तो तारेत ओवला. नंतर तो पडला नाही.

सकाळी सरांच्या पत्नी आल्या. त्यांनी सांगाड्याचा उजवा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. "नीट केलंस, निताई," एवढंच म्हणाल्या. त्याने मान डोलावली. उजवा हात त्याने खिशातून काढला नाही.

फाल्गुनात निताई सायकलवरून पडला. मनगट सुजलं म्हणून शेफालीने ओढून इस्पितळात नेलं. मी सोबत होतो. तरुण डॉक्टरने एक्स-रे उजेडाला धरला, पेनाच्या टोकाने मोजलं. पुन्हा मोजलं.

"काका, या हाताचं लहानपणी ऑपरेशन झालं होतं का?"

"नाही."

"मग इथं हाडं सातच कशी?"

निताईने नुसता हात माझ्यापुढे केला. मी अंगठ्याने करंगळीच्या बाजूला दाबून पाहिलं. तिथे मऊ लागलं, गालासारखं. आणि वरच्या कातडीवर, पोरांनो, टाचणीएवढासुद्धा व्रण नव्हता.