दौंडहून आणलेलं काचेचं टेबल

ही गोष्ट ऐकून कुणी हसलं तर हसू दे. ज्याच्यावर बेतली त्या चांगदेवाला हसू आलं नव्हतं.

साल एकोणीसशे शहात्तर. होळी नुकतीच झाली होती. जागा शिरूर, एसटी स्टँडच्या मागची गल्ली. आणि वेळ रात्रीची नव्हती... भर दुपारची होती.

चांगदेव कार्टूनच्या जाहिराती बनवायचा. तंबूच्या टॉकीजमध्ये सिनेमा सुरू व्हायच्या आधी पडद्यावर दोन-तीन मिनिटं चित्रं हलायची ना, त्या. बियाण्याच्या, दंतमंजनाच्या, चहापत्तीच्या. एक माणूस चार पावलं चालवायचा तर ढीगभर कागद काढावे लागायचे. प्रत्येक कागदावर तोच माणूस, फक्त पाय जरासा पुढं. मग एकेका कागदाचा फोटो. म्हणजे मग पडद्यावर तो चालणार.

ही कला तो मुंबईला शिकला. तिथं कार्टूनच्या एका कंपनीत तो आणि राहू गावचा हौसराव शेजारी शेजारी बसायचे. एका ताटात जेवायचे. पण शहरात दुसरी मोठी कंपनी होती. तिनं हळूहळू यांच्या कंपनीची सगळी गिऱ्हाइकं ओढली. एक दिवस दाराला कुलूप लागलं आणि दोघं रस्त्यावर आले.

“आपण आपली कंपनी काढू,” हौसराव म्हणाला.

ठरलंही. पण पाटीवर आधी नाव कुणाचं, यावरून दोघांची जुंपली. एवढ्याशा गोष्टीवरून! हौसराव दौंडला गेला, चांगदेव शिरूरला आला. एकाच्या दोन कंपन्या झाल्या आणि तिथून पुढं दोघांनी एकमेकांचं पाणी तोडलं.

चांगदेव कामाला वाघ होता. गिऱ्हाईक दौंडला निघालं की हा वाटेतच गाठायचा. हौसरावाचा हाताखालचा माणूस म्हाळू, तोही यानं फोडून शिरूरला आणला. धंद्यात चांगदेव कायम पुढं.

पण एका गोष्टीत तो मागं होता, आणि ती गोष्ट त्याला आतून कुरतडायची.

हौसरावाची चित्रं श्वास घ्यायची.

खरंच. हौसरावाची म्हातारी पडद्यावर नुसती उभी राहिली तरी तिची छाती हलायची. दमल्यासारखी. लोक सिनेमा विसरायचे आणि त्या म्हातारीचं बोलत घरी जायचे. चांगदेवाची चित्रं चालायची, पळायची, नाचायची. पण लाकडाच्या बाहुल्यांसारखी.

चांगदेव हौसरावाच्या जाहिराती चोरून बघायला जायचा. तंबूत मागं, उपरणं तोंडावर घेऊन. घरी आला की जेवायचा नाही.

पंच्याहत्तरच्या पावसाळ्यात हौसराव काविळीनं गेला.

चांगदेव मातीला गेला. रडलासुद्धा. पण परतीच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर त्याला वाटलं, छातीवरचा धोंडा उतरला. आता या दोन तालुक्यांत आपल्यासारखे आपणच.

काही महिन्यांनी तो पुन्हा दौंडला गेला. हौसरावाची बायको साळूबाई सामान विकायला काढत होती. त्यात हौसरावाचं चित्रं काढायचं टेबल होतं. वर तिरकी काच, काचेखाली बल्ब. बल्ब लावला की खालच्या कागदावरची रेघ वरच्या कागदात दिसते, अशी सोय.

“वहिनी, हे मी नेतो.”

साळूबाई त्याच्याकडं बघत राहिली.

“न्या. पर पुन्यांदा आणू नका, दाजी.”

एवढंच म्हणाली. चांगदेवाला वाटलं, नवऱ्याची आठवण नको असेल.

ते टेबल त्यानं आपल्या खोलीत मधोमध मांडलं. खरं सांगायचं तर त्याला टेबलाची गरज नव्हती. हौसराव ज्याच्यावर बसून जिंकला, त्याच्यावर आपण बसायचं, एवढीच हौस होती.

आणि मग ती दुपार आली.

कवठे येमाईच्या जत्रेसाठी चहापत्तीची जाहिरात करायची होती. एक म्हातारी डोक्यावर पाटी घेऊन चालत येते, चहा पिते आणि तरतरीत होते. चांगदेवानं तिच्या चालण्याचे कागद काढून टेबलावर रचून ठेवले होते. म्हाळू जेवायला गेला होता. चांगदेव आतल्या खोलीत कॅमेऱ्याशी होता. तिथल्या खिडक्यांना काळं कापड लावलेलं. भर दुपारी मिट्ट काळोख.

बाहेरच्या खोलीतून आवाज आला...

फर्रर्रर्र.

हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. काढलेली चित्रं नीट हलतात का हे बघायला गठ्ठा अंगठ्यानं झरझर सोडतात, त्याचा.

“म्हाळू, आलास का?”

त्यानं दाराकडं कान दिला.

पुन्हा... फर्रर्रर्र.

चांगदेव बाहेर आला. खोलीत कुणी नव्हतं. दाराला आतून कडी होती. पंखा बंद. गठ्ठा होता तसा, कडेला कड लावून ठेवलेला.

फक्त काचेखालचा बल्ब पेटलेला होता.

त्यानं गठ्ठा हातात घेतला. जाड लागला. अंगठ्यानं सोडला.

म्हातारी चालत आली. लाकडासारखीच, त्यानं काढली होती तशी. मग मध्येच थांबली. त्यानं तिला थांबवलं नव्हतं! तिनं कमरेवर हात ठेवला... आणि तिची छाती वर आली. खाली गेली. वर आली.

चांगदेवाच्या हातातून कागद खाली पडले.

ते कागद त्यानं काढलेले नव्हते. पण रेघ त्याचीच होती. कोपऱ्यातले आकडेही त्याच्याच अक्षरातले.

म्हाळू आला तेव्हा चांगदेवानं त्याची गचांडीच धरली.

“हे तू काढलंस?”

म्हाळूनं कागद बघितले आणि त्याचा चेहरा उतरला.

“मालक, आयशप्पत म्या न्हाई. मला असं येत असतं, तर म्या तुमच्याकडं कशाला राहिलो असतो?” मग हळूच म्हणाला, “हे तर... हौसरावांचं वाटतंय.”

कागद फाडायला हात उचलला होता. पण जत्रा तोंडावर आलेली. नवीन काढायला वेळ कुठला? चांगदेवानं दात खाऊन तसेच फोटो घेतले.

कवठ्याला तंबू खच्चून भरला होता. म्हातारी पडद्यावर आली, थांबली, तिनं श्वास घेतला. अख्खा तंबू गप्प झाला. एक बाई मागून म्हणाली, “अगं बया, दमली गं म्हातारी!” आणि मग टाळ्या... थांबेनातच.

तंबूचे मालक कोंडिबा आप्पा धावत आले. चांगदेवाला मिठी मारली.

“पोरा, हौसराव गेला म्हून आमी रडत हुतो. त्याचा हात तुझ्यात आला की रं!”

आयुष्यभर ज्या टाळ्यांची वाट बघितली त्या पडत होत्या. आणि चांगदेवाला वाटत होतं, कुणीतरी आपल्या तोंडावर थुंकतंय.

भूत बघून माणूस घाबरतो. चांगदेवही घाबरला होताच. पण त्याहून जास्त त्याचा जळफळाट झाला. मेल्यावरसुद्धा हा माणूस मला खाली बघायला लावतो!

पुढच्या जाहिरातीला त्यानं पहारा ठेवला. बियाण्याची जाहिरात, नांगर धरलेला शेतकरी. गठ्ठा रोज तपासायचा. मधले परके कागद सापडायचेच... शेतकरी थांबतो, घाम पुसतो, आभाळाकडं बघतो. असं सुरेख की बघणाऱ्याचा जीव कळवळावा. चांगदेव एकेक कागद उपसायचा आणि चुलीत घालायचा.

बायको म्हणायची, “अवो, इतकी चांगली चित्रं का जाळताय?”

“माझी न्हाईत म्हणून!”

एका दुपारी तर तो टेबलासमोर उभा राहून ओरडला, “हौश्या! जित्ता हुतास तवा जिंकलास. आता तरी मला माझं काढू दे!”

खोली गप्प झाली.

त्या दिवसापासून फर्रर्र आवाज बंद झाला.

परके कागद यायचे थांबले. चांगदेवाला वाटलं, सुटलो. त्यानं सगळी जाहिरात स्वतःच्या हातानं पुरी केली, स्वतः फोटो घेतले. आप्पांचा तंबू आता तळेगाव ढमढेरेला होता, तिथं बाजाराच्या दिवशी संध्याकाळच्या खेळाला ती लागली.

पडद्यावर शेत आलं. आभाळ आलं. बैल आले. नांगर चालायला लागला...

नांगरामागं कुणीच नव्हतं.

शेतकरी नव्हता. चाबूक हवेत उडत होता. बैल कुणाचं तरी ऐकून वळत होते. मातीत नांगराच्या रेघेमागून रेघ पडत होती. पण माणूस नाही.

चांगदेव ताडकन उठला. त्या शेतकऱ्याचा एकेक कागद त्यानं स्वतः काढला होता!

लोक आधी हसले. मग हळूहळू हसणं थांबलं. कारण कर्ण्यातून आवाज यायला लागला होता. जाहिरातीला गाणं होतं, ते वाजतच नव्हतं. वाजत होता फक्त...

श्वास.

दमलेल्या माणसाचा. जवळून. कानापाशी घेतल्यासारखा.

पोरं रडायला लागली. आयाबायांनी त्यांना काखोटीला मारलं आणि तंबूबाहेर पळाल्या. आप्पांनी मशीन बंद केलं, पडदा काळा झाला... तरी तो श्वास थोडा वेळ चालूच होता.

चांगदेव त्याच पावली शिरूरला आला आणि खोली उघडली. गठ्ठा बघितला. प्रत्येक कागदावर शेत होतं, बैल होते, नांगर होता. माणसाच्या जागी कोरा कागद. खोडल्याची खूण नाही, रबराचा डाग नाही. जणू तो उठून निघून गेला होता.

म्हाळूनं दुसऱ्या दिवशी काम सोडलं. गोष्ट तालुकाभर झाली. बियाणंवाले गेले, चहावाले गेले. आप्पा एवढंच म्हणाले, “तुझी चित्रं आता माझ्या पडद्यावर नगंत, बाबा. तंबूत लहान पोरं असत्यात.” दौंडची कंपनी बुडाली होती, आता शिरूरचीही बुडाली.

चांगदेवानं टेबल एसटीच्या टपावर बांधलं आणि न्हावऱ्यावरून दौंडला नेलं. साळूबाईनं लांबून बघितलं आणि दारातच आडवी उभी राहिली.

“आणू नका म्हणलं हुतं ना मी?”

“वहिनी, हौसराव यात हाय. तो मला काम करू देत न्हाई. माझ्यापेक्षा चांगलं काढून ठेवतो. तुमचं माणूस तुम्ही ठेवा.”

साळूबाई हसली. पण ते हसणं बघून चांगदेव एक पाऊल मागं सरकला.

“त्यांचं कुठलं वो, दाजी? ते जित्ते हुते तवाबी असंच व्हायचं.”

“काय व्हायचं?”

“दुपारी जेवायला उठायचे. आत फर्रर्र वाजायचं. जाऊन बघावं तर मधले कागद कुणी तरी काढून ठेवल्यालं. आख्खा मुलूख त्यांची वाहवा करायचा आन् हे घरी येऊन भिंतीकडं तोंड करून निजायचे. ती म्हातारी त्यांनी काढलीच नव्हती. एकबी नव्हती.”

चांगदेवानं टेबलावरचा हात झटकन मागं घेतला.

“सारखं तुमचं नाव घ्यायचे. म्हणायचे, चांग्याची चित्रं लाकडासारखी असत्यात, पर त्याच्या स्वतःच्या हाताची असत्यात. लई जळायचे तुमच्यावर. जळूनच गेलं माझं माणूस, काविळीचं निमित्त झालं.”

“मग... मग हे टेबल कुणाचं?”

“मुंबईत तुमची कंपनी बंद पडली, तिच्यामागं ती मोठी कंपनीबी बुडाली ना? तिथनं भंगारात निघालं हुतं. त्याच्यावर कोण बसायचं, कसा मेला का जित्ता हाय, यांनी कधी इचारलं न्हाई. भ्यायचे.” तिनं दार लोटत आणलं. “माझ्या घरात न्हाई घेणार मी.”

दार लागलं.

ज्याच्यावर सगळी उमर जळण्यात गेली, तो आपल्यावर जळत होता. मग आपण इतकी वर्षं जळलो ते नेमकं कुणावर? चांगदेव ओट्यावर किती वेळ बसला, त्यालाच कळलं नाही.

शेवटी टेबल पुन्हा टपावर चढवलं. त्यानं स्वतः दोर आवळला, दोनदा गाठ मारली. गाडी सुटली. न्हावरं मागं पडलं आणि डोक्यावरून, पत्र्यातून आवाज आला...

फर्रर्रर्र.

कंडक्टर वर बघत म्हणाला, “कुणाचं कागदाचं बंडल सुटलंय काय रं टपावर?”

चांगदेवानं मान खाली घातली. टेबलाशिवाय वर काही नव्हतं.

शिरूरला गाडी थांबली. तो शिडी चढून वर गेला. दोर तिथंच होता. दोन्ही गाठी त्यानं मारल्या तशाच, आवळलेल्या. टेबलाच्या चार पायांचे धुळीतले ठसेही होते.

टेबल नव्हतं.

वाटेत कुणी चढलं नव्हतं, काही पडल्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता. तो दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन दौंडपर्यंत सगळी वाट बघून आला. काचेचा एक तुकडा सापडला नाही.

त्यानंतर चांगदेवानं माणसाचं चित्र काढलं नाही. दुकानांच्या पाट्या रंगवल्या, त्यासुद्धा नुसत्या अक्षरांच्या. कुणी विचारलं तर म्हणायचा, “हात थरथरतो.” हात थरथरत नव्हता.

खूप वर्षांनी बायकोनं त्याला एकदा विचारलं, “अजून भ्या वाटतं का वो?”

त्यानं पाटीवरचं अक्षर आधी पुरं केलं. मग म्हणाला, “भ्या न्हाई. पर ते आता कुणाकडं तरी असंल. कुणाला तरी काढून देत असंल...”

आणि त्या संध्याकाळी तो जेवला नाही.