तंबूवाल्याची गाडी

एकोणीसशे चौतीसच्या फाल्गुनात पोलादपूरजवळच्या आमराईत सहदेवची गाडी शिरली, तेव्हा तुळसा नदीवरून कळशी घेऊन येत होती. असली गाडी तिने जन्मात पाहिली नव्हती. बैल नेहमीचेच, पण वर लाकडी खोली, खोलीला खिडकी आणि खिडकीला फुलाफुलांचा पडदा!

"बाजूला होता का, बाई... की गाडी डोक्यावरनं नेऊ?" सहदेवने वरून विचारलं.

तुळसा दचकून बाजूला झाली. हसू मात्र तिला लपवता आलं नाही.

सावित्रीकाठच्या त्या आमराईत निवृत्त रेंजर महिपतराव महाबळेश्वरला जाणाऱ्या पाहुण्यांसाठी तंबू लावत. त्यांना शांतता हवी असे. मुलंबाळं घेऊन आलेल्यांना ते फाटकातूनच परत पाठवत. तुळसा तिथे स्वयंपाक करी. लग्नानंतर वर्षाच्या आत तिचा नवरा तापाने गेला, त्याला सहा वर्षं झाली होती. सहदेव जवळच्याच कापडे गावचा, पण तंबू शिवायला मुंबईत शिकलेला. फाटके तंबू दुरुस्त करायला तो आठ दिवसांसाठी आला होता.

दुपारी ती भाकरी घेऊन गेली, तर तो म्हणाला, "थोडा मऊ भात पण मिळंल?"

"का, दात पडले तुमचे?"

"हसून दाखवू?"

त्याने दाखवलंच. तुळसा पदर सावरत परत फिरली. मऊ भात कोणासाठी? शिवायचं मशीन थांबलं की हा पडद्याआड जाऊन हळू आवाजात कोणाशी बोलतो? बायको असेल... आजारी? आणि असली, तर आपल्याला काय त्याचं?

चौथ्या दिवशी तो बैलांना पाण्यावर घेऊन गेला, तेव्हा तिने पडदा सारलाच. आत चार वर्षांची मुलगी बसली होती. तिने चटकन ओठांवर बोट ठेवलं.

"बोलायचं नाय," ती कुजबुजली. "बाबाचं काम जाईल."

"हिची आय दोन वर्षांमागं गेली," मागून सहदेवचा आवाज आला. "गोदीला कुणाकडं ठेवू? ...मालकांना सांगशील?"

"सांगन का? पन पोरीला ऊन तरी दाखवा की!"

मग रोज दुपारी, आमराई झोपली की, तुळसा गोदीला नदीवर नेऊ लागली. सहदेवलाही नेमकं तेव्हाच पाणी हवं असे. तो काठावर बसून बघत राही — गोदीकडे, असं तो म्हणे.

सातव्या दिवशी माशांनी गोदीच्या पायाला गुदगुल्या केल्या, आणि ती खदखदून हसली.

महिपतराव काठी टेकत आले. "कोणाचं मूल हे?"

सहदेव पुढे सरसावला. त्याच्या आधी तुळसाच बोलून गेली, "माजं हाय."

"तुझं? कधीपासून?"

"आत्ता... आत्तापास्नं."

महिपतराव तिच्याकडे आणि मग सहदेवकडे बघत राहिले. "नियम तो नियम. शेवटचा तंबू शिवून झाला की तिघांनीही निघायचं," एवढं म्हणून ते वळले.

"तुझं काम गेलं गो," सहदेव हळूच म्हणाला.

"गेलं."

"मग आता...?"

"माजा बाप भिकू किनेश्वरला असतो. त्याला जाऊन इचारा."

"काय इचारू?"

"येवढे तंबू शिवता, आन दोन शब्द जोडता येत नाय?"

सहदेव तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "मग आधी तुलाच इचारतो, तुळसा. माज्याशी पाट लावशील?"

"लावीन," ती म्हणाली. कानशिलं तापली होती, तरी तिने नजर हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी शेवटचा तंबू शिवून झाला, आणि दिवस कलायच्या आत गाडी किनेश्वरच्या वाटेला लागली. दोघांच्या मधे बसून गोदी आठवड्याचं साठलेलं सगळं मोठमोठ्याने बोलत होती.