पदरचं एक वाक्य

दोन बड्या देशांना आमची भारी काळजी. एकाला आमचे राष्ट्राध्यक्ष खुर्चीवर हवे होते, दुसऱ्याला खाली. तो वाद मिटवायला हॉटेलच्या सभागृहात बैठक भरली. तिथे आमच्या देशाची माणसं किती, तर एक चहा देणारा आणि काचेच्या खोलीत बसलेले आम्ही दोघं दुभाषी, मी आणि काका. काका सख्खे नव्हेत, पण या कामात मला त्यांनीच आणलं. त्यांचा नियम एकच: ऐकलं तेवढंच बोलायचं, पदरचं एक अक्षर घालायचं नाही.

माझा जीव मात्र धाकट्या भावात अडकलेला. तो राष्ट्राध्यक्षांच्या बंगल्यावर पहारेकरी होता आणि शहरात रणगाडे शिरले होते. नोकरी सोड म्हटलं की हसायचा, गाढव.

दुपारी दुसऱ्या देशाचे राजदूत बोलत होते. मध्येच ते पाणी प्यायला थांबले, तरी हेडफोनमध्ये त्यांचा आवाज चालूच. बंदर आमच्या ताब्यात आहे, असं काहीतरी. मी ते भाषांतर करून मोकळी झाले. ग्लास खाली ठेवून त्यांनी तेच वाक्य उच्चारलं. काकांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या कानात काहीच आलं नव्हतं. इतक्या वर्षांनी माणसाला पुढचं सुचायला लागतं, त्यात काय, अशी मी मनाची समजूत घातली.

मग विमानतळ. तो ताब्यात आला असं मी बोलले, तेव्हा राजदूत चष्मा पुसत होते. बातमीची चिठ्ठी घेऊन त्यांचा माणूस त्यानंतर आत आला.

मी हेडफोन काढून पुन्हा घातला.

आवाज पुन्हा आला. बंगला पडला, म्हणाला. पहारेकऱ्यांपैकी एकही जिवंत नाही.

राजदूतांचे ओठ मिटलेले होते. समोरची मंडळी माझ्या आवाजाची वाट बघत होती.

"बंगला पडला," मी म्हणाले. "पहारेकऱ्यांना घरी सोडलं."

काकांना काय कळलं कुणास ठाऊक, त्यांनी माझा हात घट्ट धरला. चिठ्ठी आली. राजदूतांनी मोठ्याने वाचली. शब्दन् शब्द माझा.

संध्याकाळी भाऊ घरी आला. अंगावर ओरखडा नाही. भावजय रडली, मी रडले, त्याला पोटभर शिव्या घातल्या. तो उंबऱ्यातच उभा. भावजयीने हाका मारल्या, हलला नाही. मी 'आत ये' म्हटलं, तेव्हा आला.

डॉक्टर म्हणतात, धक्का बसलाय. असेल. सुरुवातीला 'बस', 'जेव' म्हटलं की भागायचं. हल्ली 'चाव', 'गिळ' असंही सांगावं लागतं, आणि तेही मीच.

काल मला ताप होता. दुपारी जरा पडले, तर डोळा लागला. भावजयीने गदागदा हलवून उठवलं. खुर्चीत भाऊ निळा पडत चालला होता.

"श्वास घे रे, राजा."

त्याने एक घेतला, आणि पुढच्यासाठी माझ्या तोंडाकडे बघत राहिला.